नगरच्या फॅरारबाई

सावित्रीबाई फुले यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या सहकारी फातिमा शेख यांच्याविषयीही आता आपल्या घरांतून बोलले जाते. परंतु शिकवावे कसे हे शिकण्यासाठी सावित्रीबाई नगरला ज्यांच्याकडे गेल्या, त्या बाई कोण, असे विचारले तर आपण गप्प बसतो. त्यांचे नाव सिंथिया फॅरार.

अमेरिकेतील न्यू हँपशायर राज्यात, मार्लबरो या गावी, २० एप्रिल १७९५ रोजी त्यांचा जन्म झाला. शिकून त्या शिक्षिका झाल्या. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. शाळा वाढल्या, तशी त्यांवर देखरेख करायला बाई हवी झाली. त्या काळी परमुलखात जाणारी मिशनरी स्त्री बहुधा कुणा पाद्रीसाहेबांची पत्नी असे. अविवाहित स्त्रीला धाडणे ही नवलाचीच गोष्ट. ५ जून १८२७ रोजी त्यांनी बोस्टन सोडले तेव्हा त्यांचे वय ३२ होते. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून ४२ वर्षे होती! आफ्रिकेला वळसा घालून, कलकत्त्यावरून, २९ डिसेंबरला त्या मुंबईस पोचल्या. कॅथलिक जोगिणींसारखे व्रत त्यांनी घेतलेले नव्हते, त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या. तरी आयुष्य मात्र तसेच गेले.

येथे आल्यावर त्या मराठी शिकल्या. १८२९ पर्यंत मिशनच्या शाळांत ४०० हून अधिक मुली होत्या. आकडा मोठा वाटतो, पण त्यामागची दगदग ध्यानात घ्या. मुलगी जरा वाचू लागली की तिचे लग्न ठरे आणि पाटी कोपऱ्यात जाई. बाईंनी पुन्हा नव्या मुलीपासून 'अ' गिरवायला घ्यायचा.

पालकांच्या मनात आणखी एक भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मिशनला शाळेबरोबर आपला धर्मही पोचवायचा होता. कुठे कुणी धर्मांतर केले की मुले शाळेतून काढून घेतली जात. आपला धर्म आणि मुलीची अक्षरे, दोन्ही सांभाळायची कशी, हा प्रश्न त्या पालकांना पडला. आपल्या आजोबा-पणजोबांनाही तो पडला होताच. मुलींसाठी आपल्या लोकांनी स्वतः शाळा काढल्या, त्यामागे हा प्रश्नही होता.

प्रकृती बिघडल्याने १८३७ मध्ये बाई मायदेशी गेल्या. बऱ्या झाल्यावर तिथेच राहत्या तर कुणी दोष दिला नसता. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिल्या. आपले परतूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, नगर इंग्रजी अमलात. नगरमधल्या काही हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी शाळा काढा म्हणून बाईंना स्वतः विनविले आणि खर्चालाही हातभार लावला. मुंबईत मुली मिळवताना झालेली यातायात आठवली म्हणजे या विनवणीचे मोल कळते.

याच नगरच्या शाळा पाहायला जोतीराव फुले आले. पाहून ते पुण्याला परतले आणि १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई. पुढे १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमांचा उल्लेख केला आहे. आपण आजारी म्हणून माहेरी आहोत, तेव्हा मागे सारा भार त्यांच्यावर पडत असेल, ही काळजी त्या पत्रात दिसते.

फॅरारबाई नगरलाच राहिल्या. मधली दोन वर्षे सोडली तर १८२७ पासून अखेरपर्यंत त्या या देशातच होत्या. २५ जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, नगरमध्येच त्यांचा अंत झाला. तोवर त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी कित्येक आज्या झाल्या असतील.