कमलाताई होस्पेट : विदर्भाच्या बाळंतिणींची परिचारिका

सीताबर्डीवरील मातृसेवा संघ ठाऊक नाही, असा जुना नागपूरकर विरळाच. प्रसूतिगृह म्हणून या संस्थेचे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले. मात्र ती कोणा धनिकाच्या देणगीतून किंवा नामवंत डॉक्टरच्या पुढाकारातून जन्मली नाही. एका तरुण विधवा परिचारिकेने आपल्या मैत्रिणीला सोबत घेऊन १९२१ साली ती सुरू केली. त्या परिचारिकेचे नाव कमलाताई होस्पेट आणि मैत्रिणीचे वेणूताई नेने.

कमलाताईंचा जन्म १८९६ सालचा. माहेरचे आडनाव मोहनी, नाव यमुना. योगायोग असा, की याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पांढरपेशा घरांतील मुलींच्या वाट्याला तेव्हा जे येई, तेच यमुनेच्याही वाट्याला आले. बालवयात विवाह झाला आणि संसार म्हणजे काय हे उमजण्यापूर्वीच वैधव्य आले. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. पण कायदा कागदावर आणि रूढी माजघरात, अशी स्थिती होती. अशा मुलीचे उर्वरित आयुष्य कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी उपकाराखाली जायचे, हे जवळजवळ ठरलेलेच असे. कमलाताईंनी ते नाकारले. नागपूरच्या डफरीन रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले.

हा निर्णय त्या काळी किती धाडसाचा होता, हे आज सहज लक्षात येणार नाही. बाळंतपण हे घराघरांत विटाळाचे मानले जाई. नाळ कापणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामे गावाने ज्यांना खालचे ठरवले त्या जातींतील सुइणींकडे सोपवलेली असत. त्या सुइणींपैकी अनेकींच्या हाताला अनुभवाचे कसब होते, हेही येथे नमूद करायला हवे. पण निर्जंतुकीकरणाची माहिती त्यांना कोणी दिलीच नव्हती. बाळंतिणीची बाज घरातील सर्वांत अंधाऱ्या खोलीत पडे. खिडक्या बंद, खाली शेगडी, खोलीभर धूर. नाळ विळ्याने किंवा हाताशी येईल त्या हत्याराने कापली जाई आणि धनुर्वाताने दगावलेले अर्भक दैवाच्या खात्यावर जमा होई. बाळंतज्वराने गेलेल्या आईचेही तेच. पांढरपेशा घरातील मुलीने हे काम शिकावे आणि त्यावर पोट भरावे, ही कल्पनाच समाजाला रुचणारी नव्हती.

तसे पाहता, स्त्रियांसाठी स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी या हेतूने लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी १८८५ पासून कार्यरत होता. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली होती. परंतु रुग्णालय असणे आणि रुग्णाने त्याची पायरी चढणे यांत मोठे अंतर होते. परक्या माणसांत, परक्या रीतीरिवाजांत बाळंतपण करण्यास घरची मंडळी तयार नसत. आपली भाषा बोलणारी, आपल्यातली वाटणारी बाई समोर असेल तर हे अंतर कमी होणार होते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने देशात ज्या भागांना सर्वाधिक झोडपले, त्यांत मध्य प्रांताचा समावेश होता. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. पुढे डिसेंबर १९२० मध्ये याच शहरात काँग्रेसचे अधिवेशन होऊन असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले आणि स्वतःच्या बळावर संस्था उभारण्याचा विचार मूळ धरू लागला. त्यानंतरच्याच वर्षी मातृसेवा संघ उभा राहिला. आरंभ अवघ्या चार खाटांचा होता.

खरी कसोटी पुढेच होती. विधवेचे दर्शन अशुभ, शुभकार्यात तिची सावलीही नको, असे मानणाऱ्या समाजात जन्माच्या क्षणी बाळाला प्रथम हातात घेणारी व्यक्तीच विधवा असणार होती. बारशाच्या ओटीला जिला बोलावले जात नसे, तिच्याच हाती सुनेला आणि होणाऱ्या नातवाला सोपवायचे होते. वेळ येताच रूढीपेक्षा जिवाची काळजी मोठी ठरली, असे संघाचा विस्तार पाहता म्हणावे लागते. सीताबर्डीपाठोपाठ महाल भागातही संघाचे रुग्णालय उभे राहिले आणि नागपूरबाहेरही शाखांचे जाळे विणले गेले.

हा विस्तार का महत्त्वाचा होता, हे समजण्यासाठी त्या वेळचा विदर्भ डोळ्यांसमोर आणावा लागेल. उदाहरणार्थ आजचा गोंदिया जिल्हा. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. गोंदिया शहर रेल्वेचे मोठे जंक्शन; पण स्थानकापासून दूर, धानाच्या बांध्यांपलीकडील गावांत आणि पूर्वेकडील जंगलपट्ट्यात अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीखेरीज दुसरे वाहन नव्हते. पावसाळ्यात तेही नाही. प्रशिक्षित परिचारिका जितकी जवळ, तितका जीव वाचण्याचा संभव अधिक, हे साधे गणित होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. चार खाटांच्या त्या प्रसूतिगृहाच्या काळात घराबाहेर बाळंतपण ही चर्चेची गोष्ट असे.

प्रसूतिगृहापुरतेच थांबणे कमलाताईंच्या स्वभावात नसावे. जन्माला आलेल्या प्रत्येक बालकाची वाढ सारखी होत नाही, याची जाणीव ठेवून मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ शाळा निघाली. वृद्धांसाठी ‘पंचवटी’ उभी राहिली. समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे महाविद्यालयही संघाने नागपुरात सुरू केले. पाळण्यापासून वार्धक्यापर्यंतचा हा व्याप एका परिचारिकेच्या कामातून वाढत गेला.

१९६१ साली केंद्र सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये मातृसेवा संघाच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. कमलाताईंची ओळख करून देताना आजही ‘थोर समाजसेविका’ हेच शब्द पुढे येतात. ‘परिचारिका’ हा शब्द मागे पडतो. प्रारंभापासून त्यांच्यासोबत असलेल्या वेणूताई नेने यांचे नाव तर संघाशी जवळचा संबंध असलेल्या मंडळींबाहेर फारसे कोणी घेत नाही.