हुआन आरेल्यानो

फिलिपीन्सची राजधानी मनिला ही पासिग नदीच्या मुखाशी वसलेली नगरी आहे. या नगरीला डौलदार रूप देणाऱ्या वास्तुशिल्पज्ञांत हुआन आरेल्यानो यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म मनिलातील तोंडो या भागात २५ एप्रिल १८८८ रोजी झाला. त्या वेळी देशावर स्पेनची सत्ता होती. हुआन दहा वर्षांचे असताना ती सत्ता गेली. परंतु देश स्वतंत्र झाला नाही, त्याच्यावर अमेरिकेचा अंमल सुरू झाला.

बालपणापासून हुआन यांचा ओढा चित्रकलेकडे होता. लोरेन्सो गेरेरो, फाबियान दे ला रोसा यांसारख्या नामांकित चित्रकारांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. परंतु पुढे त्यांनी वास्तुशिल्पाचा मार्ग पत्करला. परदेशी शिक्षणासाठी सरकार होतकरू तरुणांना शिष्यवृत्ती देत असे. ती मिळवून १९११ साली ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी गेले. तेथील शिक्षणावर प्राचीन ग्रीक व रोमन वास्तूंची छाप होती. भव्य स्तंभ, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंचा काटेकोर समतोल यांचे धडे त्यांनी तेथे गिरविले. न्यूयॉर्कमध्ये काही काळ काम करून ते मायदेशी परतले.

सार्वजनिक बांधकाम खात्यातील अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ एकेक करून स्वदेशी परतत होते. त्यांची जागा आता फिलिपिनो तरुणांनी घ्यावयाची होती, आणि त्यांत आरेल्यानो होते. पासिग नदीवरील जोन्स पूल त्यांनी शिल्पांनी सजविला. ग्रंथालय म्हणून आखलेल्या एका इमारतीचे त्यांनी विधिमंडळाच्या भव्य वास्तूत रूपांतर केले. १९२६ साली तिचे उद्घाटन झाले. नदीकाठचे टपाल कार्यालयही त्याच सुमारास पुरे झाले.

या वास्तू भव्य होत्या खऱ्या. पण त्यांचे वळण परके होते. १९३१ साली उघडलेल्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात मात्र आरेल्यानो यांच्यातील चित्रकार पुन्हा जागा झाला. या नाट्यगृहाच्या सजावटीत आंबे आणि केळी कोरलेली आहेत. आपल्याच परसातील फळे अशा राजेशाही वास्तूत पाहून मनिलाच्या रहिवाशांना किती कौतुक वाटले असेल! 

एकेक इमारत देखणी झाली, तरी सबंध शहर सुखाचे होतेच असे नाही. कोठे घरे असावीत, कोठे कारखाने असावेत, हे ठरवावे लागते. मनिलाच्या विभागवार आखणीचा पहिला आराखडा आरेल्यानो यांच्या देखरेखीखाली तयार झाला. पुढे केसोन सिटी हे नवे शहर उभारण्याचे ठरले, तेव्हा त्याची आखणी करणाऱ्या मंडळींत हॅरी फ्रॉस्ट यांच्याबरोबर तेही होते. रुंद राजमार्ग, विस्तीर्ण उद्याने व मोठमोठे गोल चौक त्यांनी योजिले.

इतक्यात महायुद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपीन्सवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला परत घेण्यासाठी अमेरिकन सैन्य शहरात शिरले, तेव्हा जपानी सैनिकांनी सरकारी इमारतींचा आश्रय घेतला. या इमारतींच्या भिंती जाड व भक्कम होत्या. म्हणूनच त्यांचे किल्ले झाले आणि म्हणूनच त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. महिनाभराच्या या संग्रामात सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. विधिमंडळाची इमारत ढासळली, टपाल कार्यालय होरपळले, जोन्स पूल उडविला गेला. आरेल्यानो तेव्हा ५६ वर्षांचे होते. वीस-पंचवीस वर्षांच्या श्रमाचे फळ असे मातीस मिळालेले पाहण्याचा प्रसंग फारच थोड्या वास्तुशिल्पज्ञांवर आला असेल.

युद्धानंतर टपाल कार्यालय व विधिमंडळ ही पूर्वीच्याच घाटाने पुन्हा उभारण्यात आली. पूल मात्र साधाच बांधला गेला. विधिमंडळाच्या त्या इमारतीत आता राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे, आणि हुआन लुना यांचे विख्यात चित्र स्पोलियारियम तेथेच पाहावयास मिळते.

१९५६ साली आरेल्यानो निवृत्त झाले आणि तरुणपणी बाजूस ठेवलेला कुंचला त्यांनी पुन्हा हाती घेतला. १९६० साली मनिलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी ५ डिसेंबर रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाट्यगृह पुढे दुर्लक्षित होऊन १९९६ साली बंद पडले. अनेक वर्षांनी त्याची डागडुजी झाली आणि १० डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे पहिल्या उद्घाटनानंतर बरोबर ९० वर्षांनी, ते पुन्हा प्रेक्षकांसाठी खुले झाले.