फ्रिट्झ झ्विकी

इ. स. १८९८ च्या फेब्रुवारी महिन्यात बल्गेरियातील वार्ना या बंदरगावी फ्रिट्झ झ्विकी यांचा जन्म झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, व्यापारानिमित्त तेथे राहिलेले. मुलाने पुढे व्यापारच करावा, या हेतूने त्यांनी त्याला सहाव्या वर्षीच आजी-आजोबांकडे ग्लारुस येथे धाडले. परंतु आल्प्सच्या कुशीत वाढलेल्या फ्रिट्झचे मन जमाखर्चात रमेना. त्याने झुरिच येथे गणित व पदार्थविज्ञान यांचे अध्ययन केले आणि १९२५ साली तो अमेरिकेतील पॅसाडेना येथे गेला.

न्यूट्रॉन या कणाचा शोध १९३२ साली लागला. त्यास दोन वर्षेही झाली नव्हती, तोच झ्विकी व त्यांचे सहकारी वाल्टर बाडे यांनी एक धाडसी कल्पना मांडली. एखादा प्रचंड तारा एकाएकी कोट्यवधी सूर्यांच्या तेजाने उजळतो व काही महिन्यांत मावळतो. हा अतिनवतारा होय. असा तारा फुटताना त्याचा गाभा आत कोसळतो आणि न्यूट्रॉनांचा लहानसा, अत्यंत घट्ट गोळा मागे उरतो, असे त्यांचे म्हणणे होते. सूर्याहून अधिक वस्तुमान आणि व्यास अवघा २० किलोमीटरांच्या आसपास! तो दुर्बिणीतून दिसणार कसा? फारच थोड्यांनी या विचाराकडे लक्ष दिले. झ्विकी यांचा स्वभावही फटकळ होता. सहकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. हा दोष लपविण्याचे कारण नाही.

ते मात्र खचले नाहीत. १९३६ पासून पालोमार पर्वतावरील १८ इंची दुर्बिणीने ते आकाश धुंडाळू लागले. जन्मभरात त्यांनी शंभराहून अधिक अतिनवतारे शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त ग्रंथालयांसाठी शास्त्रीय ग्रंथ व नियतकालिके गोळा करून पाठविण्याचे कामही याच तिखट माणसाने केले.

१९६७ साली रेडिओलहरींचे नियमित ठोके देणारे तारे सापडले. ते वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे असल्याचे लवकरच ठरले. क्ष-किरण हवेत शोषले जातात. त्यांचे वेध घेण्यासाठी १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून उहुरू हा उपग्रह सोडण्यात आला. नरतुरंग तारकासमूहातील एका स्थानाहून येणारे क्ष-किरण दर ४.८ सेकंदांनी कमी-अधिक होतात, आणि सुमारे दोन दिवसांनी काही तास लोपतात, असे त्याला आढळले. तेथे एक न्यूट्रॉन तारा एका महाताऱ्याभोवती फिरत होता. तो जोडीदाराचा वायू ओढून घेई. चुंबकीय बलाने तो वायू त्याच्या ध्रुवांवर कोसळे, अतिशय तापे व त्यातून क्ष-किरण निघत. तारा स्वतःभोवती फिरे, म्हणून किरणांचे ठोके पडत. तो महाताऱ्याच्या आड गेला, की ग्रहण लागे.

पस्तीस-छत्तीस वर्षे बहुतेकांनी दुर्लक्षिलेला गोळा अशा रीतीने झ्विकी यांच्या हयातीतच सापडला. १९७२ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. इतकी वर्षे अमेरिकेत राहूनही त्यांनी स्वित्झर्लंडचे नागरिकत्व सोडले नव्हते. त्यांचे दफन ग्लारुस परगण्यातील मोलिस या गावी झाले.