द्यूत आणि कादंबरीकार डोस्टोव्हस्की

रशियन कादंबरीकार फ्योदोर डोस्टोव्हस्की (१८२१–१८८१) यांचें नांव आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेल. परंतु द्यूतापायीं त्यांची झालेली दुर्दशा थोड्यांसच ठाऊक असेल. १८६४ सालीं बंधु मिखाईल वारले व त्यांचें कर्ज फ्योदोर यांनीं शिरावर घेतलें. हें औदार्य खरें. पण द्रव्याची आशा त्यांनीं जर्मनींतील रूलेटच्या चक्रावर ठेवावी, हें आम्हांस शोचनीय वाटतें.

१८६५ मध्यें स्टेलोव्हस्की नामक प्रकाशकानें ३,००० रूबल देऊन करार करून घेतला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न मिळाल्यास ९ वर्षें त्यांचें लेखन फुकट छापण्याचा हक्क त्याचा! महिनाच उरला, तेव्हां ॲना ही २० वर्षांची लघुलेखिका नेमली आणि तिला तोंडीं सांगून २६ दिवसांत 'जुगारी' पुरी केली. प्रकाशक गांवीं नव्हता. म्हणून हस्तलिखित पोलीस ठाण्यांत देऊन पावती घ्यावी लागली.

१८६७ मध्यें ॲनाशींच त्यांचा विवाह झाला. जुगाऱ्याची अधोगति इतकी यथार्थ रंगविणारा लेखक स्वतः मात्र सुटला नाहीं. बाडेन-बाडेन येथें पत्नीचे दागिने, लग्नाच्या अंगठ्यासुद्धां गहाण पडल्या. १८७१ च्या एप्रिलांत वीसबाडेन येथें सर्व हरल्यावर त्यांनीं पत्नीस पत्रानें द्यूत सोडल्याचें कळविलें. अशीं वचनें पूर्वीं मोडलीं होतीं. हें मरेपर्यंत पाळलें. १८७३ पासून ॲनाबाई पतीचीं पुस्तकें स्वतः छापवून घरूनच विकूं लागल्या, आणि हळूहळू सावकारांचीं देणीं फिटलीं.