तारेची आई, फडक्याची आई

मायेचे मोल करता येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. परंतु एका मानसशास्त्रज्ञाने ते मोल प्रयोगशाळेत, अक्षरशः तासांच्या हिशेबात मोजले. त्याचे नाव हॅरी हार्लो. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एक परिच्छेद आणि एक चित्र एवढीच जागा आली आहे. फडक्याच्या बाहुलीला बिलगलेले माकडाचे पिल्लू त्या चित्रात आहे. ते पाहून मी या माणसाविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता मनात आदर व अस्वस्थता ही दोन्ही बरोबरीने वाढत गेली. त्या दोहोंचा हिशेब मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हार्लोचा जन्म ३१ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, फेअरफील्ड या गावी झाला. त्याचे मूळ आडनाव इस्राएल. १९३० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने डॉक्टरेट मिळविली, तेव्हा हे आडनाव ज्यू वाटते, त्याने नोकरीत अडथळा येईल, असे त्याचे गुरू लुईस टर्मन यांनी त्याला सुचविले. वास्तविक तो ज्यू नव्हता. तरीही त्याला नाव बदलावे लागले. विद्येच्या दारात आडनाव पाहिले जाते ते केवळ आपल्याच देशात, असे नव्हे!

त्याच वर्षी तो विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाला. पाहतो तो उंदरांची प्रयोगशाळा पाडून टाकलेली. मग हा तरुण प्राध्यापक मॅडिसन शहरातील प्राणिसंग्रहालयात माकडांपुढे जाऊन बसू लागला. या अडचणीतूनच त्याची प्रसिद्ध माकडांची प्रयोगशाळा उभी राहिली.

त्या काळी मानसशास्त्रात वर्तनवादाचा मोठा दबदबा होता. प्राणी शिकतो तो बक्षिसासाठी आणि खरे बक्षीस म्हणजे पोटाची भूक भागणे, असा त्याचा रोखठोक हिशेब. मूल आईला बिलगते तेही दुधामुळेच! वॉटसनने तर १९२८ साली पुस्तक लिहून मुलांना फार कुरवाळू नका असे आईबापांना बजावले होते. तान्ह्याला हाताची सवय लागेल म्हणून त्याला उचलून न घेणारी मंडळी आपल्याकडेही आहेतच.

हार्लोच्या माकडांनी या हिशेबाला धक्का दिला. कड्या आणि खिट्यांची कोडी ती खाऊ न देताही तासन् तास सोडवीत बसत. उलट खाऊ मधे आला की त्यांच्या कामात व्यत्यय येई. पुढे त्याचा विद्यार्थी रॉबर्ट बटलर याने माकडांना बंद पेटीत ठेवले. योग्य झडप ओळखली की खिडकी उघडे आणि क्षणभर बाहेर पाहावयास मिळे, एवढेच बक्षीस. तेवढ्यासाठी माकडे कंटाळा न करता काम करीत. आणि बाहेर सर्वांत जास्त काय पाहावेसे वाटे? खाऊ नव्हे, तर दुसरे माकड!

यानंतर आला तो जगप्रसिद्ध प्रयोग. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना आईपासून दूर करून त्यांना दोन कृत्रिम आया दिल्या. एक उघड्या तारेची, दुसरी मऊ टर्किश कापडात गुंडाळलेली. काही पिल्लांना दूध मिळे ते केवळ तारेच्या आईकडून. ती दुधापुरती तिच्याकडे जात आणि लगेच परतून फडक्याच्या आईला बिलगत. दिवसाचे सतराअठरा तास ती तिच्याजवळ, तर तारेच्या आईजवळ तासभरही नाही. १९५८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा अध्यक्ष या नात्याने केलेल्या भाषणात हार्लोने हे निष्कर्ष मांडले आणि प्रेम हा शब्द शास्त्राच्या चर्चेत मानाने आणला.

परंतु कथा येथे संपत नाही. फडक्याच्या आईजवळ एकटी वाढलेली पिल्ले मोठेपणी बिघडली. त्यांना सोबत्यांत मिसळता येईना. त्यांतील काही माद्या पुढे आई झाल्या, तेव्हा आपल्याच पिल्लांना त्यांनी दूर लोटले, क्वचित मारलेही. ज्यांना रोज सवंगड्यांबरोबर खेळावयास मिळाले, ती मात्र पुष्कळशी सावरली. हार्लो याहून पुढे गेला. त्याने पिल्लांना महिनोन् महिने संपूर्ण एकांतात ठेवले; नैराश्याच्या अभ्यासासाठी तर उतरत्या भिंतींच्या अरुंद खोबणीत कोंडले. येथे माझे मन थांबते. ही सारी लाल तोंडाची ऱ्हीसस माकडे. त्या काळी अमेरिकेतील प्रयोगशाळांना ती मोठ्या संख्येने आपल्याच देशातून जात. ही निर्यात भारताने १९७८ साली बंद केली.

हार्लोला माकडांच्या मेंदूत डोकावता आले नाही. ते काम पुढच्या पिढीने केले. २००५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात असे दिसले की कळपातील वरचढ माकडाचा चेहरा पाहण्यासाठी ऱ्हीसस माकडे आपल्या वाट्याच्या रसातला थोडा भाग सोडून देतात. दुसऱ्याला बक्षीस मिळाले की सजग होणाऱ्या पेशीही त्यांच्या मेंदूत आढळल्या. सोबत हेही बक्षीसच, हे हार्लोने वर्तनावरून ओळखले होते. त्याला आता मेंदूतून पुरावा मिळू लागला आहे.

प्रेमाच्या या अभ्यासकाचे घर मात्र सुखाचे नव्हते. तो प्रयोगशाळेतच गुंतलेला असे. पहिली पत्नी क्लारा १९४६ साली विभक्त झाली. दुसरी पत्नी मार्गारेट ही स्वतः मानसशास्त्रज्ञ. ती १९७१ साली कर्करोगाने गेली. मद्य आणि नैराश्य यांनी त्याला ग्रासले होते. १९७२ साली त्याने पुन्हा क्लाराशीच विवाह केला आणि ६ डिसेंबर १९८१ रोजी ॲरिझोनातील टूसॉन येथे त्याचे निधन झाले.

मग या माणसाला काय म्हणावे? मला वाटते, फडक्याच्या आईपर्यंतच्या हार्लोचे ऋण मानावे. अनाथ मुलांना केवळ अन्न आणि स्वच्छता पुरत नाही, हे पटवून देण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्या अंधाऱ्या खोबणीचे समर्थन मात्र मला करता येत नाही. एकाकीपणाने जीव खचतो हे तोवर पुरेसे सिद्ध झाले होते. मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या शिक्षक होतील, कोणी वसतिगृहे वा बालगृहे चालवतील. तेथे दूध आणि भाकरीची नोंद वहीत होईलच. मुलाला जवळ कोणी घेतले का, त्याला खेळगडी आहे का, याचीही विचारपूस झाली पाहिजे. त्या पिल्लांनी हे ज्ञान फार महाग विकत घेतले आहे. ते निदान वाया तरी जाऊ नये.