जोतिरावांनी मुलाला काय दिले?

बालमित्रांनो, वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातबारा उभा राहतो. बापाचे शेत मुलाला, मुलाचे नातवाला. मग वाटणी होते आणि बांधावरून भांडणेही होतात. पण मी आज तुम्हाला अशा एका बापाची माहिती सांगणार आहे, की ज्याने आपल्या मुलाला निराळाच वारसा दिला. ते म्हणजे महात्मा जोतिराव फुले.

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदराव यांनी जोतिरावांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. पण शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली. १८४१ साली जोतिराव पुन्हा शाळेत गेले. म्हणजे बघा, विद्या त्यांना मिळाली ती परक्या माणसांमुळे!

१८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोक खवळले. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकू लागले. शेवटी वडिलांनी सांगितले, की शाळा सोड नाहीतर घर सोड. १८४९ साली दोघांनी घर सोडले, पण शाळा सोडली नाही.

त्या काळी विधवांचे फार हाल होत. कुणी फसवले तरी दोष तिलाच. म्हणून १८६३ साली या दोघांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७४ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे आली. ती जीव द्यायला निघाली होती. तिला मुलगा झाला. जोतिराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. त्यांनी तोच मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. जात पाहिली नाही, की लोक काय म्हणतील हेही पाहिले नाही.

जोतिराव बांधकामाची कंत्राटे घेत. पैसा मिळे, पण तो समाजाच्या कामात खर्च होई. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. यशवंतला वारस नेमले. पण त्यात एक अटही घातली. यशवंत शिकला नाही आणि वाया गेला, तर मालमत्ता माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतल्या एखाद्या लायक मुलाला द्यावी. मला तर हे वाचून नवलच वाटले. आपला मुलगा म्हणून त्यांनी त्याला सूट दिली नाही. हक्क हवा असेल तर लायकीही हवी, असा त्याचा अर्थ मी समजलो.

१८८८ साली जोतिरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. तरी त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. तेव्हा भाऊबंद आडवे आले. दत्तक मुलाला टिटवे धरू देईनात. मग सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळी बाईने असे करणे म्हणजे केवढी हिंमत!

आता यशवंताचे काय झाले ते सांगतो. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. लोक घरे सोडून पळत होते. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना सुरू केला. आजारी माणसांना त्या स्वतः घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

मित्रांनो, पैसाअडका संपतो, वाडे पडतात. पण आईबापांनी घालून दिलेली वाट मुलगा चालला, तर तो खरा वारस. आणि हा वारसा एकट्या यशवंतचा नाही बरे का! आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर मुलींची जेवढी नावे आहेत, तेवढे त्याचे वाटेकरी आहेत. या वाटणीत कुणाचाच वाटा कमी होत नाही.