बॉबी डॉड
रॉबर्ट ली डॉड ऊर्फ बॉबी डॉड (जन्म : गॅलॅक्स, व्हर्जिनिया, ११ नोव्हेंबर १९०८, मृत्यू : अटलांटा, जॉर्जिया, २१ जून १९८८) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू व प्रशिक्षक होते. अटलांटा येथील जॉर्जिया टेक या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या संघाचे ते १९४५ ते १९६६ या काळात मुख्य प्रशिक्षक होते. भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून हा खेळ वेगळा असून तो अंडाकृती चेंडूने व मुख्यतः हातांनी खेळला जातो. खेळाडूंना दिलेल्या शिष्यवृत्त्या मागाहून काढून घेण्याच्या प्रथेला डॉड यांनी केलेला विरोध विशेष उल्लेखनीय मानला जातो.

जीवन
डॉड यांचे शालेय शिक्षण टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे झाले. पुढे टेनेसी विद्यापीठात रॉबर्ट नेलँड यांच्या मार्गदर्शनाखाली ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले. जॉर्जिया टेकशी त्यांचा संबंध योगायोगाने आला. प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलायना संघाची पाहणी करण्यासाठी निघालेल्या टेकच्या सहायक प्रशिक्षकाची मोटार वाटेत बिघडली व त्याचा सामना हुकला. त्या संघाविषयीची माहिती त्याला डॉड यांनी पुरविली. तिचा नेमकेपणा पाहून टेकचे प्रशिक्षक विल्यम अलेक्झांडर यांनी डॉड यांना साहाय्यक म्हणून बोलावून घेतले. १९४५ मध्ये अलेक्झांडर यांच्या जागी डॉड मुख्य प्रशिक्षक झाले.

त्यांच्या कारकिर्दीत संघाने १६५ सामने जिंकले, ६४ गमावले व ८ बरोबरीत सोडविले. १९५२ मध्ये संघाने सर्वच्या सर्व १२ सामने जिंकले. कठोर, शरीर झिजविणाऱ्या सरावाचा तो काळ होता. डॉड मात्र सराव हलका ठेवीत आणि खेळाडूंच्या वर्गातील उपस्थितीवर कटाक्षाने लक्ष देत.

२ जानेवारी १९५६ रोजीच्या शुगर बोल सामन्यात टेकची गाठ पिट्सबर्ग विद्यापीठाशी होती. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर हा कृष्णवर्णीय खेळाडू असल्याने जॉर्जियाचे गव्हर्नर मार्व्हिन ग्रिफिन यांनी टेकने खेळू नये, अशी मागणी केली. तिच्या निषेधार्थ टेकचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर सामना झाला व टेकने तो ७–० असा जिंकला. तथापि खुद्द टेकच्या संघात डॉड यांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती मिळाली नाही, हेही नोंदविले पाहिजे.

शिष्यवृत्त्यांचा वाद
टेक ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा सदस्य होता, तिच्या नियमानुसार प्रत्येक शिक्षणसंस्थेला दरवर्षी ४५ पर्यंत नवे फुटबॉल खेळाडू घेता येत. मात्र फुटबॉल व बास्केटबॉल मिळून एका वेळी १४० हून अधिक शिष्यवृत्त्या देता येत नसत. ४५ च्या हिशेबाने चार वर्षांत केवळ फुटबॉलचेच १८० खेळाडू होतात. म्हणजे पूर्ण भरती करणाऱ्या संस्थेला दरवर्षी काहीजणांना वगळणे भागच पडे. नापास होणारे व स्वखुशीने सोडून जाणारे यांनी ही संख्या पुरी झाली नाही, तर खेळात कमी पडलेल्या मुलांची शिष्यवृत्ती काढून घेतली जाई, किंवा सराव इतका असह्य केला जाई की ती आपणहून निघून जात. शिक्षणाच्या भरवशावर घर सोडून आलेल्या मुलाला अशा वेळी फारसा आधार नसे.

डॉड वर्षाला सुमारे ३२ खेळाडूच घेत. एखादा मुलगा मैदानावर अपेक्षेस उतरला नाही, तर ती निवड करणाऱ्या प्रशिक्षकाची चूक आहे. तो वर्गात उत्तीर्ण होत असेल, तर त्याचे शिक्षण पूर्ण झालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. तीत संस्थेचे हितही गुंतलेले होते. पुष्कळ मुले घेऊन त्यांतून निवड करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे टेक मागे पडत होता आणि तेथील अवघड अभियांत्रिकी अभ्यासक्रमामुळे खेळाडूंची निवड आधीच मर्यादित होती. १९६१ च्या सामन्यात अलाबामाच्या खेळाडूच्या आघाताने टेकच्या चिक ग्रॅनिंगचा जबडा मोडला. तेव्हापासून अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्याशी डॉड यांचे संबंधही बिघडले होते.

जानेवारी १९६४ मध्ये नियम बदलण्याचा प्रस्ताव कॉन्फरन्सच्या बैठकीत फेटाळला गेला. त्यावर टेकचे अध्यक्ष एडविन हॅरिसन यांनी संस्था सदस्यत्व सोडत असल्याचे जाहीर केले. टेक पुन्हा त्या कॉन्फरन्समध्ये परतला नाही. सुमारे दशकभराने, १९७३ मध्ये, राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने चार वर्षांची हमी देण्याची पद्धत बंद करून दरवर्षी नूतनीकरण करावयाची शिष्यवृत्ती देशभर लागू केली. त्यामुळे ती काढून घेणे प्रशिक्षकांना अधिकच सोपे झाले.

उत्तरायुष्य व सन्मान
१९६६ च्या हंगामानंतर डॉड प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. क्रीडासंचालक म्हणून मात्र ते १९७६ पर्यंत कार्यरत होते. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू (१९५९) व प्रशिक्षक (१९९३) अशा दोन्ही नात्यांनी समावेश झालेल्या मोजक्या व्यक्तींपैकी ते एक होत. जॉर्जिया टेकच्या ग्रँट फील्ड या मैदानाला १९८८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.